डावीकडची जागा

पवनी ते भंडारा या रस्त्याशी तेजराम गजभिये यांचे नाते तीन तपांचे होते. एस.टी.च्या चालकाच्या आसनावर बसून त्यांनी त्या रस्त्याची इतकी आवर्तने केली होती की अड्याळचे वळण आणि पहेल्याकडची वस्ती त्यांच्या हातांना पाठ झाली होती. निवृत्तीनंतर डोळ्यांनी त्यांची साथ सोडण्यास आरंभ केला, तरी हात तो पाठ विसरले नाहीत.

डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. दृष्टी मध्यभागी शाबूत होती, परंतु चहूबाजूंनी काळोख आत आत सरकत आला होता. बांबूच्या पोकळ पेरातून जग पाहावे तसे त्यांना दिसे. समोरचा टिपका दिसायचा, त्याच्या आजूबाजूचे सारे लोपलेले. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत सांगितले होते, "काका, स्टिअरिंगला आता हात लावायचा नाही." त्या वेळी त्यांची पत्नी धुरपता शेजारच्या खुर्चीवर बसलेली होती. त्या दिवशी गाडी तेजरामांनीच पवनीला आणली, आणि पुण्यात राहणाऱ्या मुलाला, प्रफुल्लला, "चष्म्याचा नंबर वाढला" एवढेच कळविण्यात आले.

असत्याचा आश्रय या दांपत्याने सुखासाठी घेतला नव्हता. धुरपताची मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा तिला भंडाऱ्याला डायलिसिससाठी न्यावे लागे. प्रफुल्लने आईवडिलांना पुण्यास नेण्याचा हट्ट धरला, तेव्हा ती मुलासमोर पाय रोवून उभी राहिली होती.

"तुझ्या बाराव्या माळ्यावर कबुतरं राहतात रे," ती म्हणाली होती. "मी कबुतर नाही. मले माहीत हाय माझे किती दिवस उरले ते. मरीन तं पवनीतच मरीन. माझी सारी माणसं वैनगंगेच्या काठी गेली. मी काय पुण्याच्या बिजलीवाल्या भट्टीत जाऊ?"

"अन् भंडाऱ्याले नेईल कोण तुले?"

"तुझे बाबा हायेत ना. आख्ख्या तालुक्याले नेऊन आणलं त्याईनं, मले नाही नेणार?"

प्रफुल्ल म्हणाला, "ठीक आहे. जोवर बाबा गाडी चालवतात, तोवर राहा. ज्या दिवशी बाबांच्यानं होणार नाही, त्या दिवशी मी येऊन दोघांलेही घेऊन जाईन. मग रडायचं नाही."

असा तो करार होता. धुरपताला मरण कोठे यावे, हे तेजरामांच्या डोळ्यांवर ठरायचे होते. आणि डोळे तर केव्हाच फितूर झाले होते.

त्यावर उपाय धुरपतानेच शोधला. त्यांच्या जुन्या लहान गाडीत चालकाच्या डावीकडची जागा तिने आपली केली आणि ती त्यांचे डोळे झाली. भंडाऱ्याच्या वाटेवर तिचे पुटपुटणे अखंड चाले.

"डाव्या अंगानं सायकलवाला हाय. म्हशी निघाल्या, हळू. पुढं रस्त्यावर धान वाळत घातलंय जी, गोटे लावले हायेत, उजवीकडून काढा. आता मोकळं हाय."

"हं."

"म्हातारपणी कंडक्टरची नोकरी लागली मले. पगाराचं पाहा जरासं."

"भैय्यालाल कंडक्टर तिकिटं फाडे," तेजराम समोरच्या टिपक्यावरून नजर न काढता म्हणत, "तू माझं डोकं फाडून राहिली."

भैय्यालाल हा त्यांचा कित्येक वर्षांचा सोबती वाहक. बसच्या छताला बांधलेल्या दोरीशी त्याचा हात खेळत असे. एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला. दाराशी कोण लोंबकळते आहे, म्हातारी नीट चढली की नाही, हे पाहणे वाहकाचे काम. डबल बेल वाजली की चालकाने मागे वळून पाहायचे नसते. वळून पाहणे हा वाहकाचा अपमान मानला जाई. तेजरामांनी भैय्यालालचा असा अपमान कधी केला नाही. घंटेचा दुसरा ठोका कानी पडेपर्यंत पाय ॲक्सिलरेटरवर गेलेला असे. या विश्वासाने माणसे सुखरूप घरी पोहोचत, आणि त्या विश्वासाचा तेजरामांना रास्त अभिमान होता.

जातानाचा प्रवास धुरपताच्या डोळ्यांनी पार पडे. परतीचा मात्र कठीण होता. यंत्रातून रक्त शुद्ध होऊन ती बाहेर येई तेव्हा तिच्या अंगात त्राण नसे. मान एका बाजूला कलंडे. झोप लागू नये म्हणून ती स्वतःच्या दंडाला चिमटे घेई, आणि "बंडी... बैलबंडी हाय समोर" असे क्षीण स्वरात सांगे. ते चिमटे तेजरामांना दिसत नसत. तिच्या बांगड्यांच्या किणकिणीवरून कळत.

अशा समयी, दिवाळीच्या सुट्टीत, प्रफुल्ल आपली आलिशान परदेशी गाडी घेऊन पुण्याहून आला. त्याने स्वतःसाठी नवी घेतली होती आणि ही आईवडिलांना द्यावी असे त्याच्या मनात होते. आळीतील पोरेसोरे गोळा झाली. शेजारची पंचफुला सुपातले धान पाखडायचे सोडून कुंपणाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अवो माय, हे तं आमच्या घराहून मोठी हाय!"

प्रफुल्लने वडिलांना शेजारी बसवून एकेक गोष्ट समजावली. समोरचे वाहन किती अंतरावर आहे हे गाडीला कळते. पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध ती आपली आपण राहते. समोर माणूस वा जनावर आले आणि चालकाने ब्रेक लावला नाही, तर ती स्वतः लावते. चालकाचे लक्ष रस्त्यावर आहे की नाही, हे पाहण्यासाठी स्टिअरिंगमागे एक इवलासा कॅमेरा आहे.

"म्हणजे हिले दिसते," तेजराम हळूच म्हणाले.

"दिसते ना. अंधारातही."

"मग चालवणाऱ्याले थोडं कमी दिसलं तरी..."

प्रफुल्ल हसला. "नाही बाबा, चालवणाऱ्याले दिसलंच पायजे. ही मदतनीस हाय. रस्त्यावर पट्टे नसले, धान पसरलं असलं, की हिलेही कळत नाही. पण आईले आता मागं निवांत झोपता येईल, एवढं नक्की. आणि लक्षात ठेवा, टिंग-टिंग असं दोनदा वाजलं की समोर धोका. ब्रेकवर पाय."

मुलाने जे सांगितले ते सारे तेजरामांनी ऐकले. परंतु मनात घर केले ते एकाच वाक्याने, की आईला मागे निवांत झोपता येईल. पुष्कळ महिन्यांनी त्यांना आशा वाटली. जुनी गाडी विकली गेली. धुरपता मागच्या मऊ आसनावर उशी घेऊन निजू लागली, आणि डावीकडची जागा रिकामी झाली.

आरंभी सारे सुरळीत भासले. दोन्ही बाजूंचे पाहण्यासाठी तेजराम मान सारखी इकडेतिकडे वळवीत. गाडीला ते आवडत नसे. ती समोरच्या काचपटलावर चहाच्या कपाचे चित्र दाखवी.

"पाहा जी," जातानाच्या प्रवासात जागी असलेली धुरपता मागून वाकून म्हणे, "गाडी चहा पाजून राहिली तुम्हाले. दम घ्या म्हणते."

"तिले म्हणाव, साखर कमी टाक."

अड्याळच्या अलीकडे, कापणीच्या ऐन दिवसांत, जे घडायचे त्याची पहिली चाहूल लागली. धानाच्या भाऱ्यांनी लादलेली एक बंडी आडव्या वाटेने रस्त्यावर चढली. ती तेजरामांच्या दृष्टीच्या त्या अरुंद टिपक्यात नव्हती. गाडीने ती पाहिली. ब्रेक लागला आणि दोन स्वच्छ, मंजुळ ठोके वाजले. त्याबरोबर तेजरामांचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवर पडला.

"अजी! बंडी! बंडी!"

त्यांनी पाय ओढून घेतला. बैलांची शिंगे काचेपासून हातभर अंतरावरून गेली. बंडीवाल्याने दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि तो निघून गेला. तेजरामांनी गाडी कडेला लावली.

"टिंगटिंग झालं तं तुम्ही गाडी पुढं दाबली काहून?" तिने विचारले.

"मी नाही दाबली. पायानं दाबली."

"पाय कोनाचा हाय?"

"माझाच. पण तो अजून नोकरीवर हाय वो. त्याले डबल बेल म्हणजे डबल बेल."

ती हसली नाही. "प्रफुल्लले फोन करा. आवाज बदलून मिळत असन."

"करतो."

त्यांनी फोन केला नाही. आवाज काहून बदलायचा, असे मुलगा विचारील. मग समोरची बंडी दिसली कशी नाही, असेही विचारील. त्या दुसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर दिले की पवनी सुटणार होती. धुरपतानेही पुन्हा आठवण केली नाही. कारण तिलाही ते ठाऊक होते. त्याऐवजी तेजरामांनी आपल्या पायाला शिकवावयास घेतले. पहाटे अंगणात खुर्चीवर बसून ते एका हाताने पितळी गडव्यावर दोन ठोके देत आणि उजवा पाय जमिनीवर डाव्या बाजूस, ब्रेकच्या जागी, दाबीत. पंचफुला कुंपणावरून विचारी, "काय भजन चालू हाय, भाऊजी?" ते म्हणत, "म्हातारा विद्यार्थी हाय बाई, धडा गिरवून राहिलो."

धडा बसला असे त्यांना वाटले. पुढच्या अनेक खेपांत गाडीने ठोके दिले आणि पाय योग्य जागी गेला. त्यांनी धुरपताला तसे सांगितलेही. ती म्हणाली, "मग झालं. मी निजते."

मार्गशीर्षातला दिवस होता. भंडाऱ्याहून निघाली तेव्हाच धुरपताचा चेहरा पांढराफटक पडला होता, परंतु तो पाहण्यास कोणी नव्हते. पवनीत शिरेपर्यंत तिन्हीसांज झाली. चुलींचा धूर खाली उतरला होता. घरासमोर गाडी थांबली की फाटक उघडण्याचे काम धुरपताचे. ती उतरे, दोन्ही पल्ले उघडी, बाजूला होई आणि हाक देई, "या जी!" मग तेजराम गाडी आत घेत. फाटकाशी एक लहानसा चढ होता. तेथे गाडी किंचित अडे आणि जरा जोर द्यावा लागे.

त्या संध्याकाळी ती उतरली. पहिला पल्ला करकरला, तो त्यांनी ऐकला. दुसरा करकरला. पुढे हाक आली नाही.

दुसरा पल्ला लोटताना तिला घेरी आली होती, आणि ती वाटेच्या मधोमध, गाडीच्या अगदी पुढ्यात, खाली बसली होती. तेजरामांच्या दृष्टीच्या टिपक्यात घराचे दार होते आणि दारावरचा दिवा होता. त्यांनी ब्रेकवरचा पाय सैल केला. गाडी बोटभर सरकली, तिने धुरपताला पाहिले, ती जागच्या जागी थांबली आणि दोन ठोके वाजले.

दिवसभर थकलेला, घराशी पोहोचलेला, हाकेची वाट पाहत असलेला तो पाय आपल्या तीन तपांच्या धन्याकडे परत गेला. फाटक उघडले, डबल बेल मिळाली, चला. गाडी थरथरली आणि हटून उभी राहिली. तेजरामांना वाटले, चढ अडवतो आहे. त्यांनी नेहमीसारखा जोर दिला. चालक इतक्या निश्चयाने सांगतो आहे म्हटल्यावर गाडीने अखेर त्याचे ऐकले.

किंकाळी पंचफुलाने फोडली. धुरपताच्या तोंडून आवाजच निघाला नव्हता.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की खुब्याचे हाड मोडले आहे, मांडीचेही मोडले आहे. अशा रुग्णावर शस्त्रक्रिया जोखमीची आहे आणि ती झाली तरी पुन्हा चालणे होणार नाही. मात्र डायलिसिस चुकवून चालणार नाही. तेजराम पलंगाशी लोखंडी स्टुलावर बसून होते. रात्री तिला शुद्ध आली तेव्हा तिने त्यांचे मनगट धरले.

"प्रफुल्ल आला का?"

"सकाळी येते."

"मग ऐका. तुम्ही बोलू नका. मी बोलते त्याच्यासंग."

सकाळी प्रफुल्ल आला. प्रवासाने आणि रडण्याने त्याचे डोळे सुजले होते. आईच्या कपाळावर हात ठेवून त्याने विचारले, "कसं झालं आई?"

"कसं काय? मले घेरी आली, मी खाली बसली. तुझे बाबा ब्रेकवर पाय देऊन होते बिचारे. गाडी आपल्या मनानं पुढं आली. थांबेचना."

तेजरामांनी मान वर केली. धुरपताचा हात पांघरुणाखालून आला आणि त्यांच्या गुडघ्यावर दाबून बसला.

प्रफुल्ल पलंगाशी खाली बसला. "मीच दिली," तो म्हणाला. "मीच ही गाडी आणून दिली तुम्हाले. तुमची चांगली जुनी गाडी होती, ते विकायले लावली. आई, मी..." एवढा मोठा, कर्ता माणूस आईच्या पलंगाच्या कडेला डोके टेकून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

"उगी राहा. यंत्र हाय ते. त्याचा काय भरोसा."

"सोडणार नाही मी कंपनीले. कोर्टात खेचीन." त्याने तोंड पुसले आणि तो वडिलांकडे वळला. "बाबा, तुम्ही काळजी करू नका. दीड-दोन महिने मी इथंच राहतो. मग तुम्हाले पहिलेसारखी साधी गाडी घेऊन देतो, मागची सीट काढून आईले झोपवता येईल अशी. तुम्हीच चालवा. मले आता कोनत्याच यंत्रावर विश्वास नाही. तुमच्या हातावर हाय."

धुरपताचा हात गुडघ्यावरून सैल झाला. तिने जे मांडले होते ते तडीस गेले होते. मोडक्या हाडांनिशी का होईना, ती पवनीला परत जाणार होती. आपल्या घरात, आपल्या माणसांत, नदीच्या काठी तिचा शेवट होणार होता. आता फक्त तेजरामांनी गप्प राहायचे होते.

ते मुलाचे मधूनच येणारे हुंदके ऐकत राहिले. मागची सीट काढलेली गाडी, तिच्यात आडवी झालेली, हलता न येणारी धुरपता, आणि पुढे आपण, हे सारे त्यांना एखाद्या डोळस माणसाला दिसावे तसे चहूबाजूंनी स्पष्ट दिसले.

"गाडीले दोष देऊ नको, प्रफुल्ल," ते म्हणाले.

"अजी..." धुरपता म्हणाली.

"गाडी थांबली होती. तिले तुझी आई दिसली, ते थांबली, तिनं मले सांगतलं. मीच तिले पुढं रेटली."

"म्हणजे? आई समोर दिसली नाही तुम्हाले?"

"मले दिसत नाही, बापू. पुष्कळ दिवस झाले. नागपूरच्या डॉक्टरनं तवाच गाडी बंद करायले सांगतली होती."

प्रफुल्लने वडिलांकडे पाहिले, मग आईकडे. तिने डोळे मिटून घेतले होते, आणि त्यातच त्याला उत्तर मिळाले. तो रागावला नाही. रागावता तर बरे झाले असते. तो उठला, खिशातून फोन काढून दाराबाहेर गेला, आणि बायकोशी बोलतानाचा त्याचा दबलेला आवाज आत येत राहिला. "रश्मी, मागची खोली रिकामी करून ठेव. हो, दोघंही. नाही, आता कायमचेच."

"काहून सांगतलं जी?" धुरपता छताकडे पाहत म्हणाली. तिच्या आवाजात संताप नव्हता.

"पुन्हा तुले काही झालं असतं तं..."

"झालं असतं तं झालं असतं. पवनीत झालं असतं."

पोराच्या डोक्यावरचे ओझे उतरवावे म्हणून आपण बोललो, की स्वतःच्या पायाच्या भयाने बोललो, हे त्यांचे त्यांनाही उमगले नाही. त्यांनी तिचा हात शोधला. तो पांघरुणाखाली गेला होता.

प्रफुल्ल आत आला. ॲम्ब्युलन्सचे ठरले होते. पुण्याच्या दवाखान्याशी बोलणे झाले होते. शस्त्रक्रिया तिकडेच होईल. घराच्या किल्ल्या कोणाकडे ठेवायच्या, असे त्याने विचारले.

"पंचफुलाजवळ राहू दे," धुरपता मुलाला म्हणाली. "अन् तिले सांग, परसातल्या वालाच्या शेंगा तोडून घे म्हणाव. ठेवल्या तं वाळून जातील."

एवढे बोलून तिने मान भिंतीकडे फिरवली. तेजराम तिचा चेहरा पाहण्यासाठी आपली मान सावकाश इकडून तिकडे नेत राहिले. पलंगाची दांडी सापडली, सलाइनची नळी सापडली, उशीची कड सापडली. त्यापुढे भिंत होती.